नळावरची रांग आणि स्टँडवरची कोंडी

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हे काय बाई भलतंच! आज बोलायचंय ते तालुक्याच्या गावातल्या सकाळच्या गर्दीवर, स्टँडच्या चौकात होणाऱ्या गाड्यांच्या कोंडीवर आणि त्या कोंडीत फुकट जळणाऱ्या तेलावर. हे काम पोलिसांचं, नगरपालिकेचं, आपण त्यात काय बोलायचं, असं आम्हालाही वाटत होतं. पण या कोंडीनं आमच्या एका गटाचं चांगलं चाललेलं काम मोडलं, तेव्हा बसून विचार करावा लागला.

झालं असं. आमच्या गटातल्या पाच जणी तालुक्याच्या एका दवाखान्यात जेवणाचे डबे देत होत्या. रोजचे चाळीस डबे. भाकरी, भाजी, वरण, भात, आणि साखरेच्या पेशंटचा डबा वेगळा. पहाटे चारला चुली पेटायच्या, दहाला गावातल्याच एका पोराच्या छोट्या टेम्पोत डबे चढायचे. अंतर सतरा किलोमीटर. मोकळ्या रस्त्याला पाऊण तासही लागत नाही. अकराला डबे पोचले पाहिजेत असं ठरलेलं. सहा महिने ते बरं चाललं. मग कारखाने सुरू झाले, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या, आणि सोमवारी बाजाराच्या दिवशी टेम्पो स्टँडच्या चौकात अडकायला लागला. एकदा वीस मिनिटं उशीर, एकदा अर्धा तास. एका सोमवारी डबे पोचले ते बारा वाजायला दहा मिनिटं असताना. त्या दिवशी एका आजींना जेवणाआधीचं इन्सुलिन दिलेलं होतं आणि डबाच आला नाही. आजींना दरदरून घाम फुटला, साखर खाली गेली. साखरपाणी देऊन सावरलं त्यांना. दवाखान्यातल्या सिस्टर आमच्या ताईंना एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमचं जेवण चांगलं आहे हो, पण आमचा पेशंट रस्त्यावरच्या गर्दीवर सोडता येत नाही."

त्या महिन्यात चौथ्यांदा उशीर झाला आणि काम बंद झालं. त्यांचं काही चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. पण मोठी भांडी, दोन शेगड्या आणि स्टीलचे डबे यांच्यासाठी काढलेलं कर्ज होतंच. दोन हप्ते थकले. पाच घरांत त्या दोन महिन्यांत काय बोलणी झाली असतील, ते तुम्हाला सांगायला नको.

बैठकीत पहिल्यांदा सगळ्यांनी गर्दीला शिव्या घातल्या. ट्रॉलीवाले असे, वडापवाले तसे, पोलीस कुठं असतात कोण जाणे. मग आमच्यातल्या एक काकी म्हणाल्या, "अगं, पण गर्दी म्हणजे कोण कोण असतं, ते एकदा बघूया तरी." त्यांच्या डोक्यातून निघालेली युक्ती ती. पुढच्या सोमवारी आम्ही चौघी स्टँडच्या चौकातल्या एका दुकानाच्या पायरीवर बसलो. पावणेदहा ते पावणेबारा, दोन तास. समोर पाच वाट्या आणि पदरात चिंचोके. दुचाकी गेली की एका वाटीत चिंचोका, चारचाकी गेली की दुसऱ्या, मग वडाप आणि रिक्षा, मग एसटी, मग टेम्पो, ट्रक आणि ट्रॉल्या. दर अर्ध्या तासानं वाट्या रिकाम्या करून आकडा वहीत लिहायचा. दुकानदाराला वाटलं आम्ही काही पूजा मांडलीय!

मोजल्यावर दोन गोष्टी दिसल्या, आणि दोन्ही आमच्या मनात नव्हत्या.

पहिली ही की गर्दी दोन तास नसते. सव्वादहा ते पावणेअकरा या एकाच अर्ध्या तासात चिंचोके वाटीबाहेर सांडत होते. त्याच्या आधी रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता. त्या वेळात शाळा भरते, बँका उघडलेल्या असतात, कचेऱ्यांत जाणारे निघालेले असतात, बाजार मांडला जातो आणि आसपासच्या गावांच्या एसट्या स्टँडात शिरतात. नंतर नव्या गाड्या कमी येत होत्या, तरी कोंडी मात्र साडेअकरापर्यंत सुटली नाही.

दुसरी गोष्ट जरा लाजेची. त्या गर्दीत आम्हीच होतो. आमच्या भागातल्या अठरा बचत गटांचा बँकेत जायचा दिवस सोमवार, कारण सोमवारी बाजारही होतो. प्रत्येक गटाच्या अध्यक्ष, सचिव आणि सोबत एखादी. म्हणजे पन्नासच्या वर बायका एकाच अर्ध्या तासात, कुणी पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून, कुणी वडापमधून, बँकेच्या दारात. आणि चौकाच्या वळणावर रस्त्याला लागून भाजीच्या ज्या पाट्या होत्या, त्यांतल्या सात आमच्याच गटांतल्या बायकांच्या. गिऱ्हाईक गाडीवरून उतरत नाही. गाडी चालूच ठेवतं, एक पाय खाली टेकवून विचारतं, "मेथी कशी दिली?" त्याच्यामागं रिक्षा थांबते, रिक्षामागं एसटी. आमच्या एक वहिनी तर म्हणाल्या, "बाई गं, आपला डबा अडवला तो माझ्याच कोथिंबिरीनं."

आता हे नेमकं कसं होतं, ते समजून घेऊया. त्यासाठी रस्ता सोडा, नळावर चला.

गावात एक सार्वजनिक नळ आहे. एका मिनिटात एक हंडा भरतो. अर्ध्या तासात तीस हंडे. सहा ते साडेसहा या वेळात तीस बायका एकेक करून आल्या तर कुणालाच थांबावं लागत नाही. पण त्याच अर्ध्या तासात चाळीस आल्या तर? साडेसहा वाजता दहा जणी रांगेत उरतात आणि शेवटचीला दहा मिनिटं थांबावं लागतं. बरं, साडेसहानंतर येणारीनं काही घाई केलेली नसते, पण तिच्यापुढं दहा हंडे आहेतच. ती रांग पुढं सरकत राहते. पुढच्या अर्ध्या तासात नेमक्या तीसच जणी आल्या तरी प्रत्येकीला दहा मिनिटं थांबावं लागणार. रांग मोडते ती येणाऱ्या कमी झाल्यावर, तेही हळूहळू. चौकातली कोंडी साडेअकरापर्यंत का सुटत नव्हती, याचं उत्तर हेच.

आता उलटं बघा. त्या चाळीसमधल्या फक्त दहा जणींनी ठरवलं की आपण थोड्या उशिरा येऊ. तर सहा ते साडेसहा रांगच लागत नाही. तीस जणींनी काहीच बदललं नाही, आणि तरी सगळ्यांचं थांबणं गेलं.

आणि समजा, नळाच्या तोंडाशीच कुणी धुण्याची बादली मांडून बसली आणि पाणी निम्म्यावर आलं. मग तीस बायकांचीसुद्धा रांग लागणार. वळणावर उभी राहिलेली वडाप, दुकानापुढं तिरकी लावलेली मोटार, आमच्या पाट्या, त्या पाट्यांपुढची चालू मोटारसायकल, या त्या बादल्या. रस्ता कागदावर दोन गाड्यांचा असतो, चालतो एका गाडीचा. रस्ता रुंद करा म्हणून अर्ज देण्याआधी आहे तो रस्ता मोकळा आहे का, हे बघायला पैसे लागत नाहीत.

ही गोष्ट मोठ्या शहरांनीही करून पाहिलीय. स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम. तिथं २००६ साली जानेवारी ते जुलै असे सात महिने, शहराच्या मधल्या भागात गाडी न्यायची तर पैसे भरायचे, असा प्रयोग केला. गर्दीच्या वेळी जास्त पैसे, इतर वेळी कमी, रात्री काहीच नाही. सुरुवातीला लोकांनी खूप नावं ठेवली. पण त्या हद्दीवरून जाणाऱ्या गाड्या साधारण एकपंचमांशानं कमी झाल्या. पाचातली एक गाडी गेली, चार तशाच राहिल्या, आणि तेवढ्यानं रांगा डोळ्यांना दिसण्याइतक्या आखडल्या. सप्टेंबरमध्ये शहरातल्या लोकांचं मत घेतलं तर जास्त जणांनी योजनेच्या बाजूनं कौल दिला, आणि २००७ साली ती कायमची झाली. आपल्या तालुक्याच्या गावात असा कर लावावा, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. बाजाराला येणाऱ्या बाईकडून वर आणखी नाक्याचे पैसे घ्यायचे म्हणजे अन्याय होईल. घ्यायचं ते एवढंच की पाचातल्या एकीनं वेळ किंवा वाहन बदललं तरी फरक पडतो. आपल्याकडंही मुंबईत मध्य रेल्वेनं २०२३ साली आपल्या कार्यालयातल्या लोकांच्या कामाच्या वेळा दोन भागांत वाटल्या. का, तर सगळे एकाच गाडीला लोंबकळू नयेत म्हणून.

आता तेलाचं बोलू. कारण वेळ गेला तर आपण चरफडून गप्प बसतो, पण तेलाचे पैसे कनवटीतून जातात.

गाडी उभी आहे आणि इंजिन चालू आहे, म्हणजे शेगडी पेटलेली आहे आणि वर भांडंच नाही. लहान मोटारगाडी अशी उभ्या उभ्या तासाला साधारण अर्धा लिटर किंवा थोडं जास्त पेट्रोल पिते. स्कूटर त्याहून पुष्कळ कमी पिते, पण स्कूटरी किती असतात बघा. ट्रॅक्टर नुसता धडधडत उभा असला तरी तासाला लिटरभर डिझेल जातंच, मोठा असेल तर जास्त. शिवाय कोंडीत गाडी नुसती उभी नसते, दहा पावलं सरकते, थांबते, परत सरकते. भरलेली गाडी जागेवरून हलवायला सगळ्यात जास्त ताकद लागते. हातगाडा ढकलणारीला हे सांगायला नको. ती ताकद लावायची आणि पुढच्या क्षणी ब्रेक दाबून घालवायची, असं शंभर वेळा. पहिल्या गियरमध्ये गाडी जितकं तेल खाते, तितकं तिसऱ्या-चौथ्यात खात नाही. गाडीला कमी तेल लागतं ते ताशी पंचेचाळीस ते पंचावन्न किलोमीटर अशा एकसारख्या वेगानं.

आमच्या टेम्पोचा हिशेब आम्ही काढला. तुम्हीही काढू शकता, त्याला यंत्र लागत नाही. पंपावर टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा वहीत लिहायचा. आठ दिवस गाडी चालवायची. परत त्याच पंपावर टाकी काठोकाठ भरायची. जेवढं डिझेल दुसऱ्यांदा बसलं, तेवढं आठ दिवसांत लागलं. जेवढे किलोमीटर झाले, त्याला लिटरनं भागायचं. दहाला निघून कोंडीतून जाताना आमचा टेम्पो लिटरला सोळा किलोमीटर देत होता. तोच टेम्पो साडेआठला निघायला लागल्यावर एकोणीस देऊ लागला. गाडी तीच, चालवणारा पोरगा तोच. जाऊन येऊन चौतीस किलोमीटर, महिन्याच्या सव्वीस फेऱ्या, म्हणजे ८८४ किलोमीटर. सोळाच्या हिशेबानं सव्वापंचावन्न लिटर, एकोणीसच्या हिशेबानं साडेसेहेचाळीस. जवळजवळ पावणेनऊ लिटरचा फरक. लिटरला नव्वद रुपये धरले तरी पावणेआठशेच्या वर जातात. आमच्या गटात महिन्याची बचत शंभर रुपये आहे. म्हणजे जवळपास आठ जणींची बचत आम्ही दर महिन्याला चौकात जाळत होतो.

आणि हे तेल काही आपल्या विहिरीतून येत नाही. देशाला लागणाऱ्या दर शंभर लिटर कच्च्या तेलातलं पंच्याऐंशी लिटरच्या वर बाहेरच्या देशांतून विकत आणावं लागतं. शिवाय एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोच्या वर कार्बन वायू हवेत जातो, आणि वर तो काळा धूर. तो धूर मोटारीच्या काचेआड बसलेल्याला लागत नाही. रस्त्याकडेला दिवसभर पाटी घेऊन बसलेल्या आपल्या बाईच्या छातीत जातो. खोकला येतो म्हणून या बायका सांगतात तेव्हा आपण चुलीला दोष देतो, चौकाकडं कुणी बघत नाही.

मग केलं काय? सगळं जमलं असं सांगणार नाही. जे जमलं ते सांगतो, फसलं तेही सांगतो.

सगळ्यात सोपं झालं ते बँकेचं. अठरा गटांनी एकत्र बसून वार वाटून घेतले. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. वेळही दुपारी दोननंतरची. बँकेच्या साहेबांना पत्र दिलं तर ते उलट खूश, कारण त्यांच्या खिडकीपुढची रांगही आटली. पहिल्या महिन्यात काही जणी कुरकुरल्या, एकाच खेपेत बाजार आणि बँक व्हायची ती सोय गेली म्हणून. खरंच आहे ते, एक जादा खेप पडते. म्हणून आता गटातल्या तिघींपैकी ज्यांच्या सह्या लागतात त्याच जातात, आणि शेजारच्या गटाचं भरण्याचं पुस्तकही सोबत नेतात.

दुसरं जाण्यायेण्याचं. मैत्रिणींनो, १७ मार्च २०२३ पासून राज्यातल्या सगळ्या बायकांना एसटीत अर्ध तिकीट आहे, हे तुम्ही जाणताच. एका एसटीत चाळीस-बेचाळीस जणी बसून जातात. रस्त्याचा हिशेब करणारे इंजिनिअर एक बस म्हणजे साधारण तीन मोटारगाड्यांएवढी जागा धरतात, आणि दोन दुचाकी म्हणजे एक मोटार. आता चाळीस बायका वीस मोटारसायकलींवर मागं बसून गेल्या, तर रस्त्यावर दहा मोटारींएवढी जागा गेली. शिवाय सोडायला आलेले वीस गडी सोडून परत जाणार, तो आणखी एक फेरा. त्याच चाळीस एसटीनं गेल्या तर तीन मोटारींची जागा. पण एसटी वेळेवर हवी ना! आमच्या मार्गावर सकाळी एक गाडी सातला आणि दुसरी साडेनऊला, ती थेट सव्वादहाच्या गर्दीत नेऊन सोडणारी. आम्ही आगारात अर्ज दिला, पाच गावांच्या सह्या घेऊन, की साडेआठची एक फेरी द्या, आणि गाडी रिकामी जाणार नाही हे आम्ही बघतो. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्या वेळी आम्ही अर्जाला मोजणीची वही जोडली, कुठल्या थांब्यावर किती जणी, किती वाजता. फेरी सुरू झाली, पण फक्त सोमवारी. बाकीच्या दिवसांसाठी अजून खेटे घालतोय.

वडापवाल्यांशी मात्र सुरुवातीला वाजलं. एक दादा म्हणाले, "तुम्ही समद्या एसटीनं गेलात तर आमची पोरं काय खातील?" त्यांचंही बरोबर होतं. रात्री-अपरात्री एसटी नसते तेव्हा बाळंतिणीला हेच लोक घेऊन जातात. म्हणून त्यांना एवढंच सांगितलं की गाडी वळणावर भरू नका, पन्नास पावलं पुढं शाळेच्या भिंतीला लागून भरा, आम्ही तिथं चालत येतो. काही ऐकतात, काही नाही. पण आम्ही वळणावर गाडीत चढायचं बंद केलं. बायकाच वळणावर थांबल्या नाहीत तर गाडी तिथं थांबून काय करील?

तिसरं मालाचं. आधी प्रत्येक भाजीवाली स्वतःची पाटी घेऊन वडापमध्ये, पाटीचे पैसे वेगळे. आता डब्याचा टेम्पो साडेआठला निघतो, त्यातच सात जणींची भाजी जाते. डिझेल सगळ्या मिळून भरतो, गाडी पोराची, त्याला फेरीमागं ठरलेले पैसे. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मालाच्या टेम्पोत मागं बायका बसवायच्या नाहीत. कायद्यानं चालत नाही, आणि काही झालं तर विम्याचा पैसा मिळणं अवघड होतं. माल टेम्पोत, बायका एसटीत, आणि माल उतरवून घ्यायला एक जण पुढं चालवणाऱ्याशेजारी.

चौथं आणि सगळ्यात अवघड, पाट्या मागं घेण्याचं. वळणावरून तीस पावलं आत, जुन्या धान्यबाजाराच्या कट्ट्यावर बसायचं ठरलं. पहिले दोन सोमवार विक्री पार पडली. गिऱ्हाइकाला पाटी दिसेनाच. एकीची मेथी परत आली, तिनं बैठकीत डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "गर्दी हटवायची म्हणून माझ्याच पोटावर पाय का?" तिला उत्तर द्यायला आमच्याकडं शब्द नव्हते. त्या दोन आठवड्यांची तिची तूट गटातून भरून दिली. तिसऱ्या सोमवारी वळणावर पुठ्ठ्याची पाटी लावली, ताजी भाजी आत, गाडी लावायला जागा. गाडी लावता येते म्हटल्यावर गिऱ्हाईक उतरून येऊ लागलं, आणि उतरलेलं गिऱ्हाईक एका जुडीऐवजी तीन जुड्या नेतं. तरी दोन जणी परत वळणावर गेल्याच. त्यांना आम्ही काही म्हटलं नाही.

पण इथं एक सावधगिरीची गोष्ट. आपण आपणहून मागं सरकणं वेगळं, आणि कुणी येऊन पाट्या उचलून फेकणं वेगळं. कोंडी झाली की सगळ्यात आधी भाजीवालीवर बोट येतं, दुकानापुढं दिवसभर उभ्या असलेल्या मोटारीवर येत नाही. रस्त्यावर विकणाऱ्यांच्या संरक्षणासाठी देशात २०१४ साली कायदा झालाय, पथविक्रेता कायदा. त्याप्रमाणे शहरात पथविक्रेता समिती असायला हवी. तीत कमीत कमी चाळीस टक्के माणसं विकणाऱ्यांपैकी, आणि त्या विकणाऱ्यांत एकतृतीयांश बायका. विकणाऱ्यांची पाहणी होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हुसकावता येत नाही, असंही त्यात आहे. तुमच्या तालुक्याच्या गावात ही समिती आहे का, तीत बायका कोण आहेत, पाहणीत आपलं नाव लागलंय का, हे नगरपालिकेत जाऊन विचारा. तोंडी नाही, अर्ज देऊन, पोच घेऊन.

राहिल्या उसाच्या ट्रॉल्या. यांच्यावर सगळ्यांचा राग. पण त्या ट्रॉलीवर उसाच्या मोळ्यांवर बसलेली बाई बघा, कडेवर लेकरू, बीडकडून आलेली. तिची मजुरी टनावर. ट्रॉली चौकात तासभर अडकली तर तिचा माणूस पुढच्या खेपेला मुकतो, आणि तोडलेला ऊस उन्हात वाळून वजनाला कमी भरतो, तो तोटा शेतकऱ्याला. म्हणजे चौकातून सुटायची घाई त्यांनाही आहेच. सकाळी दहा ते साडेअकरा आणि संध्याकाळी शाळा सुटताना जड वाहनं गावाबाहेर थांबवली, तर सगळ्यांचंच भलं. ठरावीक वेळी ठरावीक रस्त्यावर अशी मनाई करायची सोय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ११५ व्या कलमात आहे. आमच्या तीन ग्रामसभांनी तसा ठराव करून पाठवलाय. ठरावात दोन गोष्टी आवर्जून घातल्या. एक, थांबवलेल्या ट्रॉल्यांना गावाबाहेर सावली, पाणी आणि बायकांना आडोसा असलेली जागा द्या. दोन, रात्री चालणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला मागं चमकणारी लाल पट्टी हवीच. दिवसाची कोंडी घालवून रात्रीचा अपघात ओढवून घ्यायचा नाही. या ठरावावर अजून काही झालेलं नाही.

घरच्या गड्यांना सांगायची एक गोष्ट राहिली. कोंडीत किंवा रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबली की किल्ली फिरवायची. परत चालू करायला जास्त तेल जातं, हा जुना समज आहे. आताच्या बहुतेक गाड्यांत आठ-दहा सेकंद इंजिन चालू ठेवायला जेवढं तेल लागतं, साधारण तेवढ्यातच गाडी परत चालू होते. म्हणून अर्ध्या मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर बंद करावी. बॅटरी मेलेली किंवा धक्का मारून चालू होणारी गाडी असेल तर मात्र हे करू नका, मधोमध अडकून तीच नवी कोंडी व्हायची. आणि टायरमध्ये हवा बघा. कमी हवेची गाडी जड चालते, तेल जास्त खाते.

डब्याचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. दवाखान्याचं काम परत मिळालं नाही, तिथं आता दुसरे लोक देतात. आम्हाला एका वसतिगृहाचं काम मिळालंय, अठ्ठावीस डबे. टेम्पो साडेआठला निघतो म्हणून पहाटे चारऐवजी अडीचला उठावं लागतं, आणि ते काही सोपं नाही. दोघी-दोघींनी पाळी लावून घेतलीय. थकलेले हप्ते भरून झाले, शेवटचा याच महिन्यात गेला.

दिवाळीनंतर ट्रॉल्या सुरू होतील. पहिल्या सोमवारी आम्ही त्याच पायरीवर पावणेदहाला पुन्हा मोजायला बसणार आहोत, म्हणजे गेल्या वेळच्या आकड्यांशी ताडून बघता येईल. आजूबाजूच्या गावांतल्या ज्या गटांना यायचं असेल त्यांनी साडेआठच्या एसटीनं या. चिंचोके आपापले आणा, वाट्या आम्ही आणतो.